काकांच्या निळ्या खोक्यांतील डिझेल इंजिने : काय दुरुस्त होते आणि काय तसेच राहते

आपण विचारलेला प्रश्न मी असा समजलो आहे. अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या काकांनी १९७० ते १९९०च्या दशकांत जमवलेली एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातील, विजेवर चालणारी सहा नमुना-डिझेल इंजिने आपल्या हाती आली आहेत. त्यांतील पाच ॲथर्न या अमेरिकी नमुना-रेल्वे कंपनीच्या निळ्या खोक्यांत आहेत (पुढील नावे खऱ्या अमेरिकी इंजिनांच्या प्रकारांची) : एक रबरबँडवर चालणारे एफ७, दोन जीपी३५, एक एसडी४५ आणि एक एसडी४०-२. सहावे लाइफ-लाइक या दुसऱ्या कंपनीच्या प्रोटो २००० मालिकेतील आहे. सोबत काकांचा अमेरिकेतूनच आणलेला पॉवर पॅक, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, आहे. एसडी४५ मिक्सरसारखे घरघरते, एका जीपी३५चा नुसता दिवा लागतो, दुसरे अडखळत चालते आणि प्रोटोच्या इंजिनातून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येतो. या सगळ्यांत डीसीसीचे (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीचे) डिकोडर बसवावेत, की सगळी विकून एक नवे इंजिन घ्यावे, असे आपण विचारता.

डिकोडरचा विषय मी मुद्दाम मागे ठेवतो. डिकोडर मोटरला आज्ञा देतो. गिअर कोरडे पडले असतील किंवा चाके रुळांतून वीज घेत नसतील, तर त्याचा काही उपाय नाही, उलट वीज क्षणभर तुटली की डिकोडर पुन्हा सुरू होण्यात वेळ घालवतो आणि अडखळणे अधिकच जाणवते. त्यामुळे आपल्यापुढचा पहिला प्रश्न असा आहे की यांतील कोणते दोष केवळ वयाचे आहेत आणि कोणते जन्मापासूनचे आहेत. वयाचे दोष बहुतेक सगळे जातात. जन्मापासूनच्या दोषांशी जमवून घ्यावे लागते, आणि ते आपल्याला जमेल की नाही हे आपल्या आवडीवर अवलंबून आहे. ते मी ठरवू शकत नाही.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. काकांचा पॉवर पॅक भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घालण्यापूर्वी त्याच्या बुडाशी काय छापले आहे ते वाचावे. अमेरिकेतील पॅक १२० व्होल्टसाठी केलेले असतात आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. माझ्या पहिल्या अमेरिकी पॅकच्या बाबतीत मी हे वाचले नव्हते. पाच मिनिटांत व्हार्निश जळाल्याचा वास घरभर झाला आणि तो ट्रान्सफॉर्मर कायमचा गेला. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो वापरता येतो, परंतु परीक्षणासाठी ० ते १२ व्होल्ट डीसी देणारा, करंट दाखवणारा बेंच सप्लाय अधिक उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणाऱ्या कोणाकडेही तो मिळेल. करंटचा आकडा समोर दिसत असेल, तर अर्धे निदान तिथेच होते.

आता निळ्या खोक्यांतील इंजिनांची रचना थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती एकदा समजली की आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ आपोआप दिसते. मधोमध ओतीव धातूची जड चासी असते. तिच्यावर मोटर बसते, मोटरच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील (जड चकत्या) असतात, त्यांपासून प्लॅस्टिकच्या सांध्यांमार्फत दोन्ही बोग्यांवरील वर्मपर्यंत (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरपर्यंत) फिरकी जाते आणि वर्मखालच्या गिअरमधून सर्व आसांना गती मिळते. (बोगी म्हणताना येथे डबा अभिप्रेत नाही, चाकांचा जो सांगाडा डब्याखाली वळतो, तो अभिप्रेत आहे. आपल्याकडे डब्यालाच बोगी म्हणण्याची सवय असल्याने हा घोटाळा नेहमी होतो.) म्हणजे चारही किंवा सहाही आस स्वतः ओढतात आणि चासी जड असल्याने चाकांची पकड उत्तम राहते. त्या काळातील स्वस्त खेळण्यांच्या संचांत एकाच बोगीत मोटर बसवलेली असे आणि पकड यावी म्हणून चाकांवर रबराचे कडे चढवलेले असे. लिमाच्या जुन्या ब्रिटिश डिझेल इंजिनांतही मोटर एकाच बोगीत असते. त्यांच्याशी तुलना केली, तर ओढण्याच्या बाबतीत आपल्या काकांची निवड कितीतरी शहाणपणाची होती.

वीज मात्र या रचनेत आडवळणाने फिरते. एका बाजूच्या रुळावरील वीज चाकांतून बोगीच्या धातूच्या पट्टीत, तेथून घर्षणाने चासीत आणि चासीतून मोटरच्या खालच्या ब्रशक्लिपमध्ये (फिरत्या भागाला वीज देणारा कार्बनचा ब्रश दाबून धरणाऱ्या पट्टीत) येते. या क्लिपला दोन टोके असतात आणि ती सरळ चासीवर टेकतात. दुसऱ्या बाजूची वीज बोगीच्या वर आलेल्या धातूच्या खांबातून, मोटरवरून जाणाऱ्या एका लांब पट्टीला नुसता स्पर्श करून वरच्या क्लिपमध्ये येते. एकूण मार्गात डाख दिलेला सांधा जवळजवळ कोठेच नाही, सगळे टेकण्यावर आणि घासण्यावर चालते. नवे असताना हे चालतेच. तीस-चाळीस वर्षे खोक्यात पडल्यावर, त्यातही आपल्या पावसाळ्यांतून गेल्यावर, प्रत्येक टेकलेल्या जागी गंजाचा किंवा काळपट ऑक्साइडचा थर बसतो आणि इंजिन अडखळू लागते.

म्हणून अडखळणाऱ्या जीपी३५साठी आधी चाके पाहावीत. जुन्या निळ्या खोक्यांतील चाके बहुधा लोखंडाची भुकटी दाबून आणि भाजून केलेली असतात. त्यांचा पृष्ठभाग भिंगातून पाहिला तर खरबरीत दिसतो आणि त्या खाचांत काजळी घट्ट बसते. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल जुन्या सुती कापडावर घेऊन ती पुसावीत. कापड काळे येणे थांबेपर्यंत पुसावे लागेल. पॉलिश कागदाने घासू नये, त्याने नवे ओरखडे पडतात आणि घाण लवकर धरते. चाके स्वच्छ होऊनही महिन्याभरात पुन्हा अडखळू लागले, तर निकेल-सिल्व्हरची चाके घालावीत. हा खर्च मला सर्वांत फलदायी वाटतो. त्यानंतर बोगीची पट्टी जेथे चासीवर घासते ती जागा आणि वरच्या लांब पट्टीचा स्पर्श, दोन्ही स्वच्छ करावीत. मी स्वतः एक पाऊल पुढे जातो : लांब पट्टी काढून टाकतो आणि दोन्ही बोग्यांच्या खांबांपासून मऊ, लवचीक वायर डाख देऊन थेट मोटरपर्यंत आणतो. बोगी वळेल एवढी ढील वायरला ठेवावी. ताठ वायर बोगीला उचलते आणि इंजिन सांध्यावर घसरते.

ज्या जीपी३५चा फक्त दिवा लागतो, त्याचे निदान दिव्यानेच करून ठेवले आहे. दिवा आणि मोटर एकाच दोन टोकांवर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे दिवा लागतो म्हणजे चाकांपासून चासीपर्यंत आणि पट्टीपर्यंत वीज पोहोचते आहे. आता सप्लायवरील करंट पाहावा. करंट अगदी थोडा, केवळ दिव्यापुरता असेल, तर मोटरचा मार्ग तुटलेला आहे : ब्रश झिजला आहे, त्याची स्प्रिंग हरवली आहे किंवा क्लिप सैल झाली आहे. करंट मोठा असेल आणि दिवा मंद होत असेल, तर मोटर जागच्या जागी अडकली आहे, आणि अशा वेळी तत्काळ वीज बंद करावी. चाळीस वर्षांपूर्वीचे ग्रीस मेणासारखे घट्ट होते, ते बहुधा कारण असते. टोप, म्हणजे वरचे प्लॅस्टिकचे कवच, काढून बोटाने फ्लायव्हील फिरवून पाहावा. तो फिरत नसेल, तर वर्मवरचे छोटे झाकण उचकटून बोगी मोकळी करावी आणि पुन्हा फिरवून पाहावा. म्हणजे अडथळा मोटरमध्ये आहे की बोगीत, हे क्षणात कळते. हे सगळे करण्यास एक लहान स्क्रूड्रायव्हर पुरतो. आजच्या इंजिनांच्या सुबक टोपाखाली इतक्या वायरी आणि नाजूक दांड्या असतात की मला ती उघडताना अजूनही धाकधूक वाटते. ही जुनी इंजिने उघडण्यासाठीच केलेली आहेत.

ब्रशच्या क्लिपा काढताना स्प्रिंग उडते, हे लक्षात ठेवावे. मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून ते काम करतो. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो तो मोटरचा तांब्याचा फिरता भाग, अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावा आणि त्याच्या फटींतील काळी भुकटी टाचणीने नव्हे, लाकडी टूथपिकने काढावी. तेलाचा एक थेंब मोटरच्या दोन बेअरिंगांवर पुरेसा आहे. तेल प्लॅस्टिकला न खाणारे हवे. खोबरेल तेलाचा मोह आवरावा. डिसेंबरात ते थिजते, आणि आपण जे घट्ट ग्रीस काढले त्याच्या जागी दुसरे घट्ट वंगण भरल्यासारखे होते. माझ्याकडे असे एक इंजिन आले होते. त्याच्या गिअरमधून मी अक्षरशः पांढऱ्या वड्या काढल्या.

एसडी४५च्या घरघरीबद्दल मी आपल्याला पूर्ण आशा लावू इच्छित नाही. निळ्या खोक्यांतील इंजिनांचा थोडा गुरगुराट हा त्यांचा स्वभावच आहे; पोकळ प्लॅस्टिकचा टोप त्याला तबल्यासारखा घुमवतो. परंतु मिक्सरसारखा आवाज होत असेल, तर त्यातील मोठा भाग जातो. टोप काढून चालवावे. आवाज एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी असेल, तर वर्म आपल्या डबीत पुढेमागे सरकतो आहे. त्याच्या टोकांना पातळ वॉशर घालून ती मोकळीक कमी करावी, संपवू मात्र नये. दोन्ही दिशांना सारखाच आवाज असेल, तर बोगी पूर्ण उघडून गिअर धुवावेत आणि दात्यांच्या कडांवर साच्यातील प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी कड राहिली आहे का ते पाहावे. काही जण गिअरमध्ये पांढरी टूथपेस्ट भरून इंजिन अर्धा तास चालवतात, म्हणजे दाते घासून एकमेकांशी जुळतात. उपाय खरा आहे. मी तो क्वचित करतो, कारण त्यानंतरची धुलाई अर्धवट राहिली तर ती पेस्ट बेअरिंगही तितक्याच निष्ठेने झिजवते.

प्रोटोची टक-टक हा या सहांतील सर्वांत ओळखीचा आजार आहे. त्या मालिकेच्या जुन्या उत्पादनांत आसावरील प्लॅस्टिकचा गिअर कालांतराने उभा तडकतो. तडकेच्या जागी दोन दात्यांमधील अंतर वाढते, म्हणून आसाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ठोका बसतो. तडकलेल्या गिअरमध्ये चाकाचा अर्धा आस सैल होतो आणि चाकांतील अंतरही बिघडते. एचओमध्ये चाकांच्या आतील पृष्ठभागांत सुमारे १४.४ मिलिमीटर अंतर हवे. डिंकाने हे जुळत नाही, कारण त्या निसरड्या प्लॅस्टिकला साधा डिंक धरत नाही. गिअरच बदलावा लागतो, आणि गंमत अशी की ॲथर्नचा तोच गिअर येथे बसतो. एक तडकला असेल तर चारही बदलावेत. उरलेल्यांचे वय तेवढेच आहे.

आता जन्मापासूनच्या मर्यादा. जीपी३५ आणि एसडी४५चा लाँग हूड, म्हणजे चालकाच्या केबिनमागचा लांब भाग, प्रमाणापेक्षा रुंद आहे. कारण साधे होते : त्या काळची मोटर रुंद होती आणि तिला आत जागा हवी होती. आपल्याकडील जीपी३५ आणि प्रोटो शेजारी ठेवून समोरून पाहावे, फरक लगेच डोळ्यांत भरेल. हे दुरुस्त होत नाही. टोपच दुसरा घ्यावा लागतो. हाताच्या पकडी आणि जाळ्या टोपातच उठवलेल्या आहेत, पंख्यांच्या आरपार दिसत नाही. मला स्वतःला दोन हातांच्या अंतरावरून, चालत्या गाडीत, या गोष्टी खटकत नाहीत. छायाचित्रे काढणाऱ्याला त्या नक्की खटकतील. आणि ही इंजिने भारतीय रेल्वेच्या रंगांत रंगवण्याचा विचार मनात येणार असेल, तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपल्या लहानपणीचे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन अल्को या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याचे होते, तर आपल्याकडील पाचही ॲथर्न इंजिने तिची प्रतिस्पर्धी ईएमडी हिच्या आराखड्याची आहेत, त्यामुळे चेहरेपट्टीच जुळत नाही. शिवाय आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, तो १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास येतो आणि एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. गाडी अरुंद पायांवर उभी दिसते. अनेक जण ती तडजोड आनंदाने करतात, मीही केली आहे.

दुसरी जन्मजात मर्यादा वेगाची. ही इंजिने फार वेगाने धावतात आणि फार हळू चालताना बिचकतात. हे मोजण्याची माझी रीत अशी : सरळ रुळावर एक मीटरच्या दोन खुणा कराव्यात, त्यांमधील अंतर कापायला किती सेकंद लागतात ते पाहावे आणि ३१३ला त्या सेकंदांनी भागावे, उत्तर ताशी किलोमीटरमधील प्रमाणबद्ध वेग असतो. बारा व्होल्टला दोन सेकंद लागले, तर वेग ताशी १५६ किलोमीटर झाला, जो मालगाडीच्या इंजिनाला शोभत नाही. उलट एक मीटरला पूर्ण मिनिट लावून, न थांबता जे इंजिन चालते ते ताशी पाच किलोमीटरच्या चालीने यार्डात काम करू शकते. साफसफाईनंतर निळ्या खोक्यातील इंजिनाने हे अंतर पंचवीस-तीस सेकंदांत सलग कापले, तर मी समाधान मानतो. त्याहून मंद चाल हवी असेल, तर नवी मोटर बसवावी लागते. त्याच काळात ॲटलास या अमेरिकी कंपनीसाठी काटो या जपानी कंपनीने जपानमध्ये बनवलेली इंजिने या एका कसोटीवर सरस ठरतात. आपल्या संग्रहात ती नाहीत एवढेच.

कपलर आणि दिव्याबद्दल थोडक्यात : खोक्यातील शिंगासारखे प्लॅस्टिक कपलर (डबे जोडणारे आकडे) काढून केडी कंपनीचे पाच क्रमांकाचे बसवावेत, त्याच डबीत बसतात. दिव्याच्या जागी एलईडी आणि रेझिस्टर लावावा. सहा आसांची इंजिने १८ इंच त्रिज्येच्या वळणावरून जातात, परंतु वाईट दिसतात. जागा असेल तर २२ इंचांपेक्षा कमी ठेवू नये.

इथवर आल्यावर डीसीसी. ज्या इंजिनाने साध्या डीसीवर वरील कसोटी पार केली, त्यालाच डिकोडर बसवावा. आधी मोटरचा अडकलेल्या स्थितीतील करंट मोजावा : मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, बारा व्होल्ट, फ्लायव्हील बोटाने एक-दोन सेकंदच रोखून धरायचा. जुन्या मोटरी एक अँपिअरच्या पुढे सहज जातात, आणि सामान्य एचओ डिकोडर तेवढाच सलग भार सोसतो. आकडा डिकोडरच्या क्षमतेबाहेर गेला, तर मोटर बदलावी किंवा ते इंजिन डीसीवरच ठेवावे.

करंट आटोक्यात असेल, तर सर्व लक्ष एका गोष्टीवर द्यावे : मोटरची खालची क्लिप चासीपासून तोडणे. क्लिपची दोन टोके कापून किंवा वाकवून टाकावीत आणि मोटरखाली, चासीच्या त्या जागेवर, कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावावा. डिकोडरची लाल वायर उजव्या रुळाकडे, काळी डाव्या रुळाकडे, नारिंगी आणि करडी मोटरच्या दोन क्लिपांना. पांढरी आणि पिवळी दिव्यांसाठी, निळी दिव्यांची सामाईक. वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरच्या बझरने मोटरच्या प्रत्येक क्लिपपासून दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत तपासावे. एकदाही आवाज आला, तर डिकोडर जोडू नये, कारण मोटर आणि रूळ यांचा थेट संबंध आला की पहिल्याच सेकंदाला तो जळतो. जुना दिवाही चासीला लावलेला असतो, हे येथे बहुतेक जण विसरतात. मोटर व्यवस्थित तोडतात आणि दिव्याच्या आउटपुटमधून डिकोडर गमावतात. डिकोडर नसलेले इंजिन डीसीसीच्या रुळावर शून्य क्रमांकाने चालवता येते असे आपल्याला कोणी सांगेल. काही यंत्रणा तशी सोय देतात खऱ्या, परंतु मोटर गुणगुणत तापत राहते, उभी असताना अधिकच. मी तसे करत नाही.

विकण्याविषयी विचारलेत म्हणून सांगतो. ही इंजिने फार मोठ्या संख्येने बनली, त्यामुळे सामान्य रंगसंगतीतील चालू इंजिनालाही पुष्कळ पैसे येतील अशी अपेक्षा धरू नये, आणि बंद इंजिनाला तर नकोच. खोके, आतील कागद आणि न लावलेले बारीक भाग जपून ठेवावेत, घेणारा ते विचारतो.

आपल्या जागी मी सुरुवात अडखळणाऱ्या जीपी३५पासून करीन, कारण तेथे बिघडण्यासारखे काही नाही आणि हात बसतो. मग दिवा लागणारे दुसरे जीपी३५, नंतर एसडी४५. प्रोटोचे गिअर मागवून ठेवावेत, ते येईपर्यंत ते इंजिन चालवू नये. एसडी४०-२बद्दल आपण काहीच तक्रार केलेली नाही, तेव्हा ते फक्त स्वच्छ करून, सर्वांत शेवटी आणि हात सरावल्यावर, डिकोडरसाठी घ्यावे. रबरबँडच्या एफ७ला मात्र हात लावू नये. मोटरच्या दांड्यापासून आसावरील रिळापर्यंत ताणलेल्या रबरांवर ते चालते. वीज देताच सशासारखी उडी घेते, आणि नवे रबर लावले तरी ती खोड जात नाही. त्यातील रबर आता तुटून चासीला चिकटले असेल. तेवढे अल्कोहोलने सोडवून काढावे आणि इंजिन काकांच्या फोटोशेजारी काचेच्या कपाटात ठेवावे.